शाफ्टच्या वाटेने येणारे पाणी



आज आम्ही तुमच्याशी बोटीच्या एका लहानशा भागाविषयी बोलणार आहोत. भाग अगदी लहान आहे. बाहेरून तो दिसतसुद्धा नाही. पण बोट तरंगते की बुडते, हे पुष्कळदा त्याच्यावर ठरते.

दिवाळे, करावे, सारसोळे, वाशी, घणसोली ही खाडीकाठची गावे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि या गावांच्या भोवती नवी मुंबई वसू लागली. रुंद रस्ते आले, उंच इमारती आल्या. पण शहराच्या कितीतरी आधीपासून ही गावे आहेत, आणि आजही इथल्या होड्या भरती-ओहोटी पाहून खाडीत जातात. बेलापूरजवळ पनवेलची खाडी ठाण्याच्या खाडीला मिळते. तिथून पुढे पाण्याची वाट थेट समुद्राकडे जाते.

पूर्वी होडीला वल्ही होती, शीड होते. तेव्हा होडीत पाणी येई ते फळ्यांच्या सांध्यांतून. सांध्यांत कापूस ठोकून ते बंद करीत. पुढे होडीवर मशीन आले. काम हलके झाले, वाऱ्याची वाट पाहणे संपले. पण मशीनबरोबर एक नवी गोष्ट आली. चांगल्या धडधाकट बोटीला, पाण्याच्या पातळीखाली, आपण आपल्या हाताने एक भोक पाडले!

भोक कशासाठी?

तुम्ही म्हणाल, असे कसे? बोटीला भोक कोण पाडील?

पाहा बरे. मशीन असते बोटीच्या आत. पंखा असतो बाहेर, पाण्यात. मशीनचा जोर पंख्यापर्यंत न्यायला एक लांब लोखंडी दांडा लागतो. त्याला आपण शाफ्ट म्हणतो. हा शाफ्ट बोटीच्या मागच्या भागातून बाहेर जातो. त्याला वाट द्यायची तर भोक पाडावेच लागते. त्या भोकात एक नळी बसवतात. तिला स्टर्न ट्यूब म्हणतात. शाफ्ट त्या नळीतून आरपार जातो.

आता अडचण अशी की, या नळीकडून आपल्याला दोन उलटी कामे हवी असतात. शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे, आणि पाणी मात्र आत येता कामा नये. मोकळे ठेवावे तर पाणी येते. घट्ट करावे तर शाफ्ट अडतो.

म्हणून दोन निरनिराळे भाग बसवतात. एक बुश आणि दुसरा ग्लँड.

बुश म्हणजे शाफ्टला धरून ठेवणारी नळकांडी. जात्याचा खुंटा आठवा. खुंटा सैल झाला की वरची पेठ डगमगते, पीठ जाडेभरडे पडते. बुशाचे तसेच आहे. बुश झिजला की शाफ्ट डगमगतो, पंखा थरथरतो आणि सगळी बोट हादरते.

ग्लँड म्हणजे पाणी अडवणारा डबा. त्यात शाफ्टभोवती चरबी किंवा मेण लावलेल्या विणलेल्या दोरीच्या कड्या बसवतात. या दोरीला पॅकिंग म्हणतात. वरून एक झाकण येते. झाकणाचे नट पिळले की दोरी दाबली जाते आणि शाफ्टला बिलगते. घरचा जुना पितळी नळ दांडीपाशी गळू लागला की आपण आत सुताची दोरी गुंडाळतो ना? तीच युक्ती इथे मोठ्या रूपात आहे.

बुश सांभाळतो शाफ्ट, पॅकिंग सांभाळते पाणी. एक बिघडला की दुसरा टिकत नाही. शाफ्ट डगमगू लागला की नवी दोरीसुद्धा चार दिवसांत सैल होते. म्हणून नुसती दोरी बदलून "झालं काम" म्हणणे बरोबर नाही. ती का गेली, हे विचारले पाहिजे.

थेंब काय सांगतो

पुष्कळ लोकांना वाटते, ग्लँडमधून थेंबभरही पाणी आले नाही म्हणजे काम उत्तम. म्हणून ते नट पिळत राहतात. हे चूक आहे.

दोरीच्या ग्लँडला थोडे पाणी लागतेच. शाफ्ट फिरतो तेव्हा दोरीशी घासतो. घासले की तापते. बाहेरून येणारे थोडे पाणी त्याला थंड ठेवते. मशीन चालू असताना मिनिटाला चार-सहा थेंब पडले तर भिण्याचे कारण नाही. मशीन बंद केल्यावर थेंब थांबावा किंवा थांबल्यासारखा व्हावा. एकही थेंब पडत नसेल आणि ग्लँड तापत असेल, तर दोरी आत जळते आहे. जळालेली दोरी दगडासारखी कडक होते आणि शाफ्टला चर पाडते. चर पडला की खर्च दोरीचा राहत नाही, शाफ्टचा होतो.

उलट थेंबांची धार झाली, तर तेही वाईट. म्हणून थेंब मोजायला शिका. घड्याळ हातात घ्या आणि एक मिनिट मोजा. ढोबळ हिशोबाने वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. मिनिटाला साठ थेंब पडले तर तीन मिलिलिटर झाले. तासाला एकशे ऐंशी. दिवसरात्रीचे चोवीस तास धरले तर चार हजार तीनशे वीस मिलिलिटर, म्हणजे चार लिटरांहून अधिक. एवढे पाणी उपसता येते. पण धक्क्याला बांधलेली बोट आठ दिवस कोणी पाहिलीच नाही तर? आणि रोज थेंब वाढत गेले तर?

आता याहून मोठा हिशोब पाहा. समजा पॅकिंग पार निघून गेले, किंवा कपलिंगचे बोल्ट ढिले होऊन शाफ्ट मागे सरकला, आणि एक इंच रुंदीचे भोक उघडे पडले. ते पाण्याखाली दोन फूट आहे. त्यातून मिनिटाला सुमारे साठ लिटर पाणी आत येते. मोठ्या चार बादल्या! तासाभरात छत्तीसशे लिटर. पाण्याचे एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे एका तासात छत्तीसशे किलोचे ओझे बोटीत चढले. माणसे कितीही असोत, हाताने एवढे पाणी फार वेळ उपसणे होत नाही. आणि पंप चालतो तो बॅटरीवर. पाणी बॅटरीपर्यंत चढले की पंपही थांबतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की ग्लँडचा थेंब हा बोटीचा निरोप आहे. तो रोज वाचा.

झीज का होते?

आपल्या खाडीचे पाणी गढूळ. ओहोटीला बोटी चिखलात बसतात. मशीन सुरू केले की पंखा तो चिखल उडवतो आणि बारीक रेती शाफ्टबरोबर बुशात शिरते. घासकागदाने लाकूड घासावे तशी ती बुश आणि शाफ्ट दोन्ही घासते. उधाणाच्या भरतीला पाणी भरपूर असते. भांगाच्या दिवसांत भरती कमी चढते आणि बोट तळाला टेकण्याचा संभव अधिक. त्या दिवसांत घाईने मशीन सुरू करू नये. बोट नीट तरंगू द्यावी, मग पंखा फिरवावा.

दुसरे कारण जाळे. जाळ्याचा तुकडा, नायलॉनची तंगूस किंवा प्लॅस्टिकची पिशवी पंख्यात अडकते. ती शाफ्टवर गुंडाळत गुंडाळत आत सरकते आणि सुरीसारखी कापते. पंख्याचे एखादे पाते दगडावर आपटून वाकले, तर पंख्याचा तोल जातो. मग तो प्रत्येक फेऱ्याला बुशाला धक्के देतो.

तिसरे कारण मशीन आणि शाफ्ट एका रेषेत नसणे. मशीनखालचे रबर दबले, बोल्ट ढिले झाले, की ही रेषा मोडते. लाकडी बोट जमिनीवर ठेवली की किंचित आकार बदलते आणि पाण्यात गेली की पुन्हा बदलते. म्हणून ही रेषा शेवटी तपासायची ती बोट पाण्यात असताना. कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली फट चारी बाजूंनी फिलर गेजने मोजतात. नेहमीचा नियम असा की, कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचाला फटीत एक थाउपेक्षा जास्त फरक नसावा. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चार इंची कपलिंग असेल तर चार थाउ.

चौथे कारण सांगायला नको, आळस. काही ग्लँडवर ग्रीसची वाटी असते. प्रत्येक फेरीनंतर तिला एक पीळ द्यायचा असतो. पण "उद्या देऊ" म्हणता म्हणता हंगाम निघून जातो.

दोरी बदलताना

पावसाळ्यात सरकार यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी करते. हा काळ नेहमी १ जून ते ३१ जुलै असा धरला जातो, म्हणजे एकसष्ट दिवस. त्या त्या वर्षीच्या तारखा सरकारी सूचनेत वाचून घ्याव्या. बोटी वर ओढून शाकारतात तेव्हा तळ उघडा असतो, हाताला वेळ असतो. शाफ्ट पाहण्याची हीच वेळ. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी घाई करून काही होत नाही.

पहिली गोष्ट, मशीन बंद, चावी खिशात, बॅटरीची तार काढलेली. फिरत्या शाफ्टजवळ हात, लुगड्याचा पदर किंवा सैल सदरा कधीही नेऊ नका.

ग्लँडचे नट काढा आणि झाकण मागे सरकवा. आत दोरीच्या कड्या दिसतील. आकड्याने त्या एकेक करून बाहेर काढा आणि मोजा. चार होत्या की पाच, ते लिहून ठेवा. सगळ्यांत आतली कडी सर्वांत जुनी आणि कडक असते. तीच काढायचा कंटाळा करून लोक वर नवी दोरी भरतात. तसे करू नका. दोरी फार जुनी असेल तर तिच्यात ॲसबेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसाला घातक. म्हणून जुनी दोरी ओली करून काढा, फुंकू नका, कोरडी घासू नका.

आता डबा फडक्याने पुसा आणि शाफ्टवर नख फिरवा. नख सरळ गेले तर ठीक. नख चरात अडकले तर थांबा. चर पडलेल्या शाफ्टवर कोणतीच दोरी टिकणार नाही. शाफ्ट काढून लेथवाल्याकडे न्यावा लागेल. तुर्भे, रबाळे भागात कारखान्यांच्या वसाहती आहेत. लेथवर काम करणारा जाणता टर्नर पाहून चर किती खोल ते विचारा. शाफ्टवर बाही चढवून भागेल की नवा शाफ्ट घ्यावा लागेल, ते तो मापावरून सांगेल.

शाफ्ट चांगला असेल तर दोरीचे माप काढा. हे गणित सोपे आहे. शाफ्टची जाडी चाळीस मिलिमीटर. डब्याचे तोंड साठ मिलिमीटर. साठातून चाळीस गेले, उरले वीस. त्याचे निम्मे दहा. म्हणजे दहा मिलिमीटरची दोरी हवी. दुकानात जाऊन "बोटीची दोरी द्या" म्हणू नका. "दहा मिलिमीटरची द्या" म्हणा.

कड्या कापण्याची एक रीत आहे. शाफ्टएवढ्याच जाडीच्या पाइपवर दोरी गुंडाळा आणि धारदार सुरीने तिरकी कापा. तिरका सांधा चांगला मिटतो. एक कडी आत घालून नीट बसवा, मग दुसरी. पण सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा. पहिल्या कडीचा सांधा बारावर, दुसरीचा चारावर, तिसरीचा आठावर. सांधे एका रेषेत आले तर पाण्याला सरळ वाटच मिळते.

झाकण लावा आणि नट फक्त हाताने घट्ट करा. पान्याचे काम पाण्यात उतरल्यावर. नव्या दोरीतून आधी पाणी जरा जास्त येते, त्याला घाबरू नका. मशीन थोडा वेळ चालवा. मग बंद करा आणि ग्लँडला हात लावून पाहा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर नट सैल करा. पाणी जास्त येत असेल तर दोन्ही नटांना सारखाच, पाव फेराच, पीळ द्या. एक नट जास्त पिळला की झाकण तिरपे बसते आणि शाफ्टला घासते. पुन्हा मशीन चालवा, पुन्हा थेंब मोजा. घाई नको. शेवटी वरचे लॉकनट घट्ट करायला विसरू नका.

बुश पाहताना

बोट वर असताना पंख्याजवळ शाफ्ट दोन्ही हातांनी धरा. वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहा. बुश चांगला असेल तर खेळ जेमतेम जाणवेल. खडखड वाजला तर बुश झिजला. खेळ किती चालतो, हे शाफ्टच्या जाडीवर आणि बुशाच्या जातीवर असते. फिलर गेजने फट मोजा आणि तो आकडा जाणत्या फिटरला सांगा. फट एकाच बाजूला जास्त असेल तर समजा, मशीनची रेषा मोडली आहे. तशा बोटीत नुसता नवा बुश घातला तर तोही त्याच बाजूने झिजेल.

बुश कशाचा असतो? काही पितळी असतात, काही बाहेरून धातूचे आणि आतून रबराचे. पूर्वी मोठ्या आगबोटींना लाकडाचे बुश असत, हे ऐकून नवल वाटेल. पहिल्या पंख्याच्या आगबोटींचे पितळी बुश फार लवकर झिजत. १८५४ साली जॉन पेन नावाच्या इंग्रज कारागिराने लिग्नम व्हायटी या लाकडाचे बुश करण्याचा हक्क नोंदवला. हे लाकूड अमेरिकेच्या उष्ण भागातले. इतके जड की पाण्यात बुडते. पाण्यात ते तेलकट राहते आणि शाफ्टला जपते. आजच्या रबरी बुशाचीही तीच रीत. त्याच्या आत लांब चर असतात, त्यांतून पाणी खेळते. पाणी हेच त्याचे तेल. म्हणून पाणी जाण्याची वाट शेवाळाने किंवा शिंपल्यांनी बुजली तर रबर कोरडे घासून जळते. वाट साफ ठेवा.

बुश बदलायला आधी पंखा काढतात. पंखा पुलर लावून काढावा. शाफ्टच्या टोकावर घण घालू नये. आटे मोडतात, शाफ्ट वाकतो. जुना बुश आधी पकडून ठेवणारे स्क्रू काढून पुलरने ओढतात. अगदीच अडून बसला तर आतून हॅकसॉच्या पात्याने लांबीत कापतात. पण बाहेरच्या नळीला पाते लागू देऊ नये.

नवा बुश बसवताना एक युक्ती करा. ती धक्क्यावरच आपल्या हाताशी असते. बुश तासभर बर्फात ठेवा. धातू थंड झाला की आकसतो. साठ मिलिमीटरचा पितळी बुश तीस अंशांनी थंड झाला तर सुमारे तीन शतांश मिलिमीटर आकसतो. आकडा केवढासा! पण जिथे फटच केसाएवढी, तिथे तेवढाही पुरतो. रबरी बुशाला आतून साबणाचे पाणी लावा. त्याला कधीही आगीजवळ तापवू नका.

आत मशीन, बाहेर पाय

आता जोरात पळणाऱ्या लहान बोटींविषयी दोन शब्द. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरच्या जेटीवरून वॉटर टॅक्सी सुरू झाली. प्रवाशांना नेणाऱ्या, सहलीच्या, पहाऱ्याच्या अशा लहान बोटी आता खाडीत दिसतात. आपल्या मुलांपैकी काहीजण त्यांच्यावर कामाला लागतील. म्हणून त्यांचेही थोडे शिकून ठेवावे.

काही बोटींचे सगळे मशीन मागे टांगलेले असते. काहींचे मशीन आत असते आणि बोटीच्या मागे पाण्यात एक पाय सोडलेला असतो. पायाला खाली पंखा. या रचनेला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. व्हॉल्व्हो पेंटा या स्वीडनच्या कंपनीने १९५९ साली ती बाजारात आणली. हा पाय डावी-उजवीकडे वळतो, वरही उचलता येतो. त्याच्या आत दाते असलेली चाके तेलात फिरतात.

इथे दोरीचे पॅकिंग नसते, रबराचे सील असते. सीलला आत पातळ ओठ असतो, आणि ओठामागे बारीक गोल स्प्रिंग. तो ओठ शाफ्टला बिलगून राहतो. इथे मात्र एक थेंबही चालत नाही. पंख्याच्या शाफ्टवर सहसा दोन सील पाठीला पाठ लावून बसवतात. एक तेल बाहेर जाऊ देत नाही, दुसरे पाणी आत येऊ देत नाही. ज्याला अडवायचे, त्याच्याकडे सीलची स्प्रिंगची बाजू. उलटे बसवले तर नवे सीलही निकामी.

सील गेले हे कसे ओळखावे? पायातले तेल तपासावे. चहात दूध घातल्यासारखे तेल पांढुरके दिसले, तर आत पाणी शिरले आहे. तशीच बोट चालवली तर दाते गंजतात, बेअरिंग जाते, आणि सीलच्या खर्चाच्या जागी पूर्ण पायाचा खर्च उभा राहतो. पाय जिथे बोटीला जोडतो तिथे हार्मोनियमच्या भात्यासारखी रबराची घडी असते. ती फाटली तर पाणी थेट बोटीत येते. तिच्या घड्या उलगडून भेगा पाहाव्या.

सील बदलताना शाफ्टवर पुन्हा नखाची परीक्षा करावी. नवे सील हातोडीने एका बाजूला ठोकू नये. सीलएवढ्याच रुंद पाइपचा तुकडा त्यावर ठेवून सर्व बाजूंनी सारखे बसवावे. ओठाला थोडे ग्रीस लावावे. कोरडा ओठ पहिल्याच फेऱ्यात जळतो.

आणि हे पाहा, सीलवर आकडे छापलेले असतात. समजा ३५-५२-७ असे लिहिले आहे. पस्तीस म्हणजे शाफ्टची जाडी, बावन्न म्हणजे सीलचा बाहेरचा व्यास, सात म्हणजे सीलची रुंदी. सगळे मिलिमीटरमध्ये. ज्याला हे तीन आकडे वाचता येतात, त्याच्या हातात दुकानदार अठ्ठावन्नचे सील देऊन "हेच बसतं हो" म्हणू शकत नाही.

एक वही बोटीची

भगिनींनो, तुम्ही म्हणाल, बोट चालवतात पुरुष, मग आम्हाला हे कशाला? पण कोळीवाड्यात मासळी विकून पैसा आणते कोण? हिशोब ठेवते कोण? तुम्हीच. मग बोटीची वहीही तुमच्याकडे असू द्या.

वहीत फार लिहायचे नाही. तारीख. मिनिटाला थेंब किती. नट पिळला की नाही. दोरी बदलली ती कधी, किती मिलिमीटरची, किती कड्या. बुश बदलला ती तारीख. सीलचे तीन आकडे. एवढेच. समजा, एका महिन्यात थेंब पाच होते. दुसऱ्या महिन्यात दहा झाले, तिसऱ्यात वीस. नाखवा म्हणेल, "पाणी नेहमीसारखंच येतंय." वही म्हणेल, "नाही, चौपट झाले आहे." आठवण फसते, लिहिलेला आकडा फसत नाही.

बोटीत आणखी दोन गोष्टी ठेवा. शाफ्टच्या भोकाच्या मापाचा, निमुळता केलेला मऊ लाकडाचा खुंटा, ग्लँडजवळ दोरीने बांधलेला. आणि ग्रीस चोपडलेले जाड फडके. शाफ्ट निसटला तर खुंटा ठोकायचा. पॅकिंग गेले तर मशीन बंद करून फडके शाफ्टभोवती आवळायचे आणि किनारा गाठेपर्यंत पाणी उपसायचे. हा तात्पुरता इलाज. यावर दुसरी फेरी करायची नाही.

जाता जाता एक विनंती. जुने ग्रीस, पांढुरके झालेले तेल खाडीत ओतू नका. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याला द्या. ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरतात. २०२२ साली या खाडीची नोंद रामसर यादीत झाली, म्हणजे जगाने जपण्याजोगे पाणथळ ठिकाण म्हणून. पण यादी राहू द्या. ज्या चिखलात कोलंबी आणि निवटे वाढतात, त्यातच तेल ओतले तर जाळ्यात काय येणार?

मंडळी, समुद्राचे भय आपल्याला नवे नाही. वारा, वादळ, लाटा यांपुढे माणसाचा इलाज थोडा. पण शाफ्टच्या वाटेने येणारे पाणी वादळासारखे अचानक येत नाही. ते थेंबाने येते, रोज सांगून येते. त्याची दखल घेणे आपल्या हातात आहे. बोटीवर चार-सहा माणसे असतात. त्यांच्या घरी चूल पेटायची असते. तेव्हा पुढच्या वेळी बोटीत उतराल तेव्हा मागे वाकून ग्लँड पाहा, एक मिनिट थेंब मोजा, आणि घरी येऊन आकडा वहीत लिहा. एवढे केलेत तर आजचे आमचे बोलणे कामी आले असे आम्ही समजू.

वर्गात विचार करा

१. ग्लँडमधून एकही थेंब येत नाही आणि ग्लँड तापला आहे. काय कराल?

२. शाफ्टची जाडी ४५ मिलिमीटर आहे. डब्याचे तोंड ६९ मिलिमीटर आहे. दोरी किती मिलिमीटरची लागेल?

३. सीलवर ४०-६२-१० असे लिहिले आहे. त्यातला प्रत्येक आकडा कशाचा?

४. मिनिटाला वीस थेंब पडतात. चोवीस तासांत किती पाणी साठेल?

५. तुमच्या गावातल्या एका बोटीची वही आजच सुरू करा. पहिली ओळ वर्गात वाचून दाखवा.